तीन मिनिटं भिरभिरं

तासगावकडच्या द्राक्षपट्ट्यातली तिसरीतली मुलगी सांगलीला माझ्याकडे आली ती शाळेची चिठ्ठी घेऊनच: लक्ष नसते, वही अपुरी, गोळ्या द्याव्यात. आईचं म्हणणं वेगळं. "बोलता बोलता टक लावून बसती, डॉक्टर. घास तोंडात तसाच. हाक मारली तरी वळत न्हाई." आजीचं मीठमोहऱ्या उतरवणं उरकलं होतं.

शाळेचा रोख एडीएचडीकडे, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या, अतिचंचलतेच्या विकाराकडे होता. पण त्याचं निदान चिठ्ठीवर होत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासूनची, सहा महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसावी लागतात. पालक आणि शिक्षक दोघांकडून फॉर्म भरून घ्यायचे. कान, डोळे, झोप, हिमोग्लोबिन तपासायचं. रात्री घोरणारं मूलही वर्गात पेंगतंच.

खटकली ती शुद्धलेखनाची वही. ओळीच्या मधलेच दोन-तीन शब्द गायब, तिथं पेन्सिल नुसती फरपटलेली, आणि पुढचे शब्द पुन्हा सुवाच्य. कंटाळलेल्या मुलाच्या खांद्याला हात लावला की ते भानावर येतं. ही येत नव्हती. मला फिटच्या छोट्या झटक्याची शंका आली. जोरजोरानं श्वास घेतला-सोडला की असा झटका समोरच उठू शकतो.

दमा, हृदयविकार, सिकलसेल नाही याची खात्री करून तिच्या हातात जत्रेतलं कागदी भिरभिरं दिलं. तीन मिनिटं सलग, जोरात फुंकायचं. मुलं अर्ध्या मिनिटात ढिली पडतात आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही, म्हणून समोर बसून "अजून, अजून" करत राहावं लागतं. दुसऱ्या मिनिटात भिरभिरं मंदावलं. नजर थिजलेली, पापण्या फडफडताहेत. मी "पिवळी छत्री" म्हणालो. नऊ सेकंदांनी ती पुन्हा फुंकू लागली, जणू काही झालंच नाही. छत्री कुठल्या रंगाची, विचारलं तर "कसली छत्री?" आईनं मोबाइलवर सगळं टिपलं होतं.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, मिरजेत झाला. आदल्या दिवशी शाम्पूनं न्हाऊ घाला, तेल अजिबात नको, हे आपल्याकडे दोनदा सांगावं. तेलकट डोक्याला इलेक्ट्रोड धरत नाहीत. आलेखात सेकंदाला तीन या गतीच्या टोकदार लहरी. ॲब्सेन्स प्रकारची फिट: अंग न झटकता काही सेकंद भान हरपणारी.

औषध बालमेंदूविकारतज्ज्ञांनी ठरवलं. पहिली पसंती इथोसक्सिमाइडला. व्हॅल्प्रोएटही जवळपास तितकंच लागू पडतं, पण 2010 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हॅल्प्रोएटवरच्या 49 टक्के मुलांचं लक्ष कमी पडलं, इथोसक्सिमाइडवरच्या 33 टक्के. शिवाय मुलींना पुढे गरोदरपणात व्हॅल्प्रोएटचा धोका. आणि फिट म्हटलं की सवयीनं कार्बामाझेपिन लिहू नये. या प्रकारात झटके वाढतात.

झटके थांबेपर्यंत विहिरीत पोहणं, रस्त्यावर सायकल, चुलीजवळ एकटीनं बसणं बंद. शिक्षकांना उत्तर पाठवलं: ती थबकली की ओरडू नका, वेळ लिहून ठेवा, राहिलेलं वाक्य पुन्हा सांगा.

एडीएचडीचे फॉर्म मात्र फाइलमध्येच ठेवले. झटके थांबूनही काही मुलांचं लक्ष कमीच राहतं, तेव्हा ते पुन्हा भरून घ्यायचे. दोन्ही आजार एकत्र निघाले, तर झटके आटोक्यात असताना मिथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध देता येतं: सुरुवात 5 मिलिग्रॅमनं, सकाळी नाश्ता झाल्यावर, आणि दर भेटीला वजन, उंची, नाडी.