लॉग पाठ करतोय, भावांनो

मशीन लर्निंगच्या पेपरला कॅल्क्युलेटर न्यायचा नाही म्हणे. ग्रुपवर सकाळपासून रडारड चाललीय. मी मात्र दिवसभर कागद-पेन घेऊन बसलो आणि खरं सांगू, मजा आली.

डिसिजन ट्रीची (प्रश्नांचे फाटे फोडत उत्तर काढायची पद्धत) एन्ट्रॉपीच घ्या, म्हणजे 'हो' आणि 'नाही' किती मिसळलेत याचं माप. चार नोंदींत एक 'हो', तीन 'नाही'. २ पायाचा लॉग ३ म्हणजे १.५८५, एवढं एकच डोक्यात ठेवायचं. त्याची पाऊणपट काढून २ मधून वजा केली की ०.८११. झालं! आठ-सोळाचे लॉग तर बोटांवर येतात. गिनी हे मिसळीचंच दुसरं माप, त्याला लॉगच लागत नाही; पाव आणि पाऊण या वाट्यांचे वर्ग करून त्यांची बेरीज १ मधून वजा, ०.३७५. (पेपर काढणाऱ्यांनी गिनीच विचारावं, एवढीच अंबाबाईला विनवणी.) सिग्मॉइड (कुठलाही आकडा ० ते १ मध्ये बसवणारं सूत्र) शून्याला ०.५ आणि २ ला साधारण ०.८८, बाकीचं अंदाजाने.

संध्याकाळी खासबागेत भेळ खाताना मित्राला विचारलं, "पाच-पाच हो-नाही असतील तर एन्ट्रॉपी किती?" तो म्हणाला, "एक. आता गप खा की भावा!"

बरोबर आलं की त्याचं. बॅकप्रोपगेशन (चूक मागे मागे नेत न्यूरल नेटवर्क सुधारायची रीत) उद्या बघू. तिथं आकड्यांपेक्षा डेरिव्हेटिव्हचा चेन रूलच जास्त रडवतो.