आईचा पुणे ते न्यूअर्क प्रवास: माझा अनुभव

आईचं अमेरिकेला माझ्याकडे यायचं ठरलं, तेव्हा तिने फोनवर पहिलं हेच विचारलं, "किती तास बसून राहावं लागेल गं?" वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे दुखरे आणि येणार एकटीच. म्हणून तिकिटाला हात लावण्याआधी वेळेचा हिशोब मांडायला बसले.

विमान मुंबईहून धरायचं होतं. तिथून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कपर्यंत हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. ताशी 900 च्या वेगाने चौदा तास निघतात, पण थेट विमानाला पंधरा-सोळा लागतात. पश्चिमेला जाताना उंचावरचे जोरदार वारे समोरून येतात. परतीला तेच पाठीशी असतात, म्हणून परतताना वेळ कमी लागतो. शिवाय सगळ्यात जवळचा मार्ग मुंबईहून वायव्येला, पाकिस्तानवरून जातो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली आणि त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. म्हणून किलोमीटर भागत बसू नये, तिकिटावर दिलेली प्रवासाची एकूण वेळच बघावी.

मध्ये थांबणारी विमानं बरीच स्वस्त होती. पण अनोळखी विमानतळावर गेट शोधणं, पुन्हा सुरक्षा तपासणी... आईला ते झेपणारं नव्हतं. पैसे जास्त गेले, तरी थेटच काढलं.

तिकिटावर निघण्याची वेळ रात्री 1:30, पोहोचण्याची त्याच तारखेला सकाळी 7:30. आई खूश, "सहाच तास?" मग तिला समजावलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे जातात, त्यानंतर भारत साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. सहा अधिक साडेनऊ, म्हणजे साडेपंधरा तास.

सगळ्यात जपायचं ते तारखेला. बुधवारी रात्री दीडचं विमान म्हणजे मंगळवारीच पुणं सोडायचं. दीडशे किलोमीटरचा रस्ता, त्यात घाटात कधी गाड्या तुंबतील याचा भरवसा नाही. दादाने दुपारी चारची गाडी सांगितली. घरापासून घरापर्यंत सत्तावीस तास धरले आणि आईला तोच आकडा सांगितला.

तिच्या डॉक्टरांना विचारून मधुमेहाच्या गोळ्यांचं वेळापत्रक केलं. दोन्हीकडच्या घड्याळांचा घोळ नको म्हणून आईने हातातलं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवलं आणि कागदावरही त्याच वेळा लिहिल्या. तिला दिसेल अशा मोठ्या अक्षरात, प्रत्येक वेळेपुढे गोळीचा रंग. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागितली. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि इमिग्रेशनच्या रांगेतही मदतनीस सोबत असतो.

न्यूअर्कला तिला घ्यायला गेले, तेव्हा गाडीत बसल्यावर आधी मी तो कागद पाहिला. सगळ्या वेळांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. आई म्हणाली, "परतीचंही थेटच काढ हो."