मातीला विचारलं का?

आपण मुलांना ‘घडवतो’. मूल म्हणजे मातीचा गोळा, आईबाप नि मास्तर कुंभार. पण मातीला गोल व्हायचं होतं का? चीनमध्ये हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच विचारून झालाय. ‘च्वांग-त्झू’ या ताओवादी, म्हणजे निसर्गाच्या ओघानं जगा म्हणणाऱ्या चिनी परंपरेतल्या, ग्रंथात ३३ प्रकरणं आहेत, त्यातल्या नवव्यात. तिथे कुंभार आहे, सुतार आहे, पण खरा रोख बो-ले या नामांकित अश्वपारख्यावर. घोड्याला बर्फ तुडवायला खूर, थंडीवाऱ्याला केस. तो चरतो, पाणी पितो, मनात आलं की उधळतो. बो-ले त्याचे केस जाळतो-कातरतो, खूर तासतो, डाग देतो, पागेत बांधतो. दहातले दोन-तीन तिथेच मरतात. मग उपाशी-तहानलेलं ठेवणं, दौडवणं, रांगेत चालवणं. तोवर निम्म्याहून जास्त संपलेले. (निकालाच्या फलकावर फोटो अर्थात उरलेल्यांचेच.)

संस्कार आणि शिक्षणावर भर देणाऱ्या कन्फ्यूशियन परंपरेतल्या शुन-त्झू या चिनी विचारवंताला हे पटलं नसतं. सरळ लाकूड वाफवून चाकासारखं वाकवलं, की उन्हात वाळूनही ते पुन्हा सरळ होत नाही. त्याच्या लेखी शिक्षण ते हेच. ताओवादाचा आद्य गुरू मानल्या जाणाऱ्या लाओत्सेचा आवडता शब्द नेमका उलटा: ‘फू’, म्हणजे हत्यार न लागलेलं लाकूड.

म्हणून ताओवाद म्हणजे पोरांना मोकाट सोडणं, हा समज मात्र आळशी आहे. बैल कापणाऱ्या तिंग आचाऱ्याचं कौतुकही याच ग्रंथात आहे. सुरुवातीला त्याला समोर नुसता बैल दिसायचा. तीन वर्षांनी अख्खा बैल दिसेनासा झाला. सामान्य आचारी महिन्याला सुरी बदलतो, कारण तो घाव घालतो. चांगला वर्षाला बदलतो, कारण तो कापतो. तिंगची १९ वर्षांची, हजारो बैल झाले, तरी पातं सहाणेवरून आत्ता उतरल्यासारखं. सांध्यात फट असते, पात्याला जाडी नसते, सुरी फटीतून फिरते. अवघड जागा आली की मात्र तो सावध होतो. नजर खिळते, हात मंदावतो, सुरी जेमतेम हलते आणि मांस ढेकळासारखं खाली गळतं. १९ वर्षांची ही शिस्त बैलाला नाही, हाताला लागलीय.

अशी शिस्त शिकवायची कशी, ही पंचाईत तेराव्या प्रकरणातल्या प्यान या चाकं करणाऱ्या सुताराची. हात हळू चालला तर चाक सैल बसतं, घाईनं चालला तर अडकतं; मधलं माप हाताला कळतं, तोंडानं सांगता येत नाही. पोटच्या पोरालाही ते देता आलं नाही, म्हणून सत्तरीतही चाकं तोच घडवतोय.