फोटोत नसलेली शाळा

स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा शाळेतले मोठे प्रसंग आधी आठवतील, अशी माझी कल्पना होती. स्नेहसंमेलने, बक्षीससमारंभ, निरोपसमारंभ ही सगळी डोळ्यांसमोर आलीही. पण जरा बारकाईने पाहू गेल्यावर कळले की मला आठवत होती ती त्या प्रसंगांची छायाचित्रे. प्रमाणपत्र घेताना माझी वेणी सुटलेली होती, हे मला ठाऊक आहे ते केवळ फोटोत तशी दिसते म्हणून. याउलट, ज्यांचा फोटो कोणी काढला नाही आणि ज्यांत घरी जाऊन सांगण्यासारखेही काही नव्हते, असे काही किरकोळ क्षण अजून लख्ख आहेत.

गणिताचे सर नवा खडू आधी मधोमध मोडत आणि मगच फळ्याकडे वळत. लांब खडू फळ्यावर अडकत-सुटत थरथरतो आणि करकरतो, हे कारण फार पुढे कळले. तेव्हा मात्र घंटेला न जुमानणारा आमचा वर्ग त्या ‘टक्’ आवाजासरशी गप्प होई.

विज्ञानाच्या बाईंनी एकदा दुपारच्या तासाला वर्गातल्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. एका झडपेच्या फटीतून ऊन आत येत होते, पण भिंतीवरच्या कवडशाखेरीज काही दिसत नव्हते. बाईंनी त्या फटीसमोर डस्टर झटकले आणि खिडकीपासून भिंतीपर्यंत एक तिरपी पांढरी पट्टी हवेत उभी राहिली. वाटेतल्या कणांवरून विखुरलेला प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो म्हणून किरणाचा मार्ग दिसतो, हा टिंडल परिणाम पुस्तकातही दिलेला होता. पण पुस्तकातले ते पान मला आठवत नाही. आठवते ती बाईंच्या घड्याळाच्या काळ्या पट्ट्यावर बसलेली खडूची भुकटी, आणि ती न झटकता तसाच पुढे चालू राहिलेला तास.

विसरण्याचा अभ्यास करणारे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ केली, आणि त्यांतली बरीचशी पहिल्या काही तासांतच पुसली जातात, असे त्यांना आढळले. आमची सनावळी त्याच मार्गाने गेली असावी! घड्याळाच्या पट्ट्यावरची भुकटी मात्र कोणी पाठ करायला सांगितली नव्हती. कोणाला कधी न सांगितल्यामुळेच ती आठवण जशीच्या तशी राहिली, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. पण मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मधल्या ग्रंथात मांडले आहे की माणूस आठवण साठ्यातून जशीच्या तशी बाहेर काढत नाही, तो ती दर वेळी नव्याने रचतो. हे वाचल्यापासून माझा तो विश्वास थोडा डळमळला.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने मी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला फोन केला. किरणाचा तो प्रयोग बाईंनी नव्हे, भूगोलाच्या सरांनी केला होता, असे ती ठामपणे म्हणते. खडू मोडण्याची सवय तिच्या लक्षातच नाही. तिला आठवते ते असे, की ऑफ तासाला मी कंपासच्या टोकाने बाकावर आमच्या दोघींच्या जागेची सीमारेषा कोरत असे आणि दर आठवड्याला ती तिच्या बाजूला थोडी सरकवत असे. मला यातले काहीही आठवत नाही. ती रेषा सरळ नव्हती, शाईच्या डागापाशी वळत होती, असेही तिने सांगितले.