सातचं सोवळं

लिटमसचा कागद फारसा बोलत नाही, म्हणून मला आवडतो. आम्लात लाल, आम्लारीत निळा, पुढचं तुमचं तुम्ही बघा. शैवाकांपासून काढलेल्या या रंगाला ‘किती’ हे विचारण्यात अर्थ नाही.

‘किती’ची सोय १९०९ साली झाली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. बिअर बनवणाऱ्या कंपनीची ही प्रयोगशाळा. तिथले रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन विकरांवर (एन्झाइमांवर) काम करत होते, आणि विकरं आम्लतेच्या बाबतीत भलतीच नखरेल. आम्लता ठरते हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर, आणि ते लिहायचं तर दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागते. सोरेन्सननी त्यातला दहाचा घात तेवढा उचलला आणि त्याचं उणे चिन्ह टाकून दिलं. हा आकडा म्हणजे पीएच. एका लिटरमध्ये ०.०००१ मोल (कण मोजायचं रसायनशास्त्राचं एकक) आयन, म्हणजे दहाचा उणे चौथा घात? पीएच ४. झालं काम.

पण हा आकडा दिसतो तेवढा साळसूद नाही. चारवरून तीनवर आलं की आयन दहापट होतात, आणि आकडा मात्र एकच पायरी उतरल्यासारखा बसलेला असतो. औद्योगिक क्रांतीनंतर समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आला, हे वाचून ‘एवढंच?’ असं कुणीही म्हणेल. त्या ०.१ मध्ये हायड्रोजन आयनांची सुमारे पंचवीस टक्के वाढ दडलेली आहे. (समुद्र अजूनही आम्लारिधर्मीच आहे, तो फक्त आम्लाच्या दिशेने सरकतो आहे. बातम्यांचे मथळे हा फरक सर्रास गिळतात.)

मला खरी गंमत वाटते ती सातची. शुद्ध पाणी म्हणजे सात, हे आपण इतकं घोकलेलं असतं की सातला सोवळंच नेसवलेलं आहे. प्रत्यक्षात ऊर्ध्वपातित पाणी घ्या, थोडा वेळ उघडं ठेवा आणि मोजा. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, थोडं कार्बनिक आम्ल तयार होतं आणि पीएच ५.६ च्या आसपास उतरतो. कसलंही प्रदूषण नसलेल्या पावसाचीही हीच कथा. मीटर बिघडला म्हणून लोक त्याला ठोकतात, पण तो बिचारा खरं बोलत असतो.

बरं, हवा लागू दिली नाही तरी सात मिळतो तो २५ अंश सेल्सिअसलाच. पाणी तापलं की त्याचे आणखी रेणू फुटतात आणि हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयन जोडीने वाढतात. साठ अंशांना शुद्ध पाण्याचा पीएच साधारण ६.५ असतो आणि तरीही ते आम्ल नसतं, कारण दोन्ही आयन समसमान असतात. उदासीनता त्या बरोबरीत आहे. सात हा एका तापमानाचा योगायोग.

आणखी एक गोष्ट या आकड्यातून कळत नाही. हायड्रोक्लोरिक आणि अ‍ॅसेटिक आम्लाची ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) द्रावणं शेजारी ठेवली, तर एकाचा पीएच १ आणि दुसऱ्याचा २.९ च्या जवळ. दोन्ही द्रावणं सारख्या मापाने घेऊन त्यांत ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडायला लागा, आम्ल संपवायला दोघांनाही सारखंच लागतं! अ‍ॅसेटिक आम्ल आपले बहुतेक हायड्रोजन धरून ठेवतं आणि मागणी येईल तसे सोडतं. पीएच म्हणजे खिशातली रोकड. खात्यातली शिल्लक त्यात दिसत नाही.

बफरचा, म्हणजे थोडं आम्ल किंवा आम्लारी पडलं तरी पीएच फारसा हलू न देणाऱ्या द्रावणाचा, सगळा कारभार अशा शिल्लकीवर चालतो, आणि आपलं रक्त त्यात मुरलेलं आहे. त्याचा पीएच ७.३५ ते ७.४५ यांच्यामध्ये राहावा लागतो. शरीराच्या ३७ अंशांना उदासीन पाणी ६.८ वर असतं, म्हणजे इथेही सातला कुणी विचारत नाही. आम्ल वाढलं की बायकार्बोनेट ते उचलतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो आणि फुप्फुसं तो बाहेर टाकतात. मूत्रपिंडं सावकाश आपला वाटा उचलतात. श्वास रोखून धरला की रक्ताचा पीएच किंचित उतरतो, उगाच भराभर श्वास घेतला की चढतो, आणि असा चढला की बोटांना मुंग्या यायला लागतात.