राजूर, राजुरा आणि मधला कोळशाचा रस्ता

राजूर वेगळं आणि राजुरा वेगळं. राजूर यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यात. राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आणि स्वतःच तालुक्याचं ठिकाण. कोळसा दोन्हीकडे आहे, त्यामुळे "आजोबा राजूरच्या खाणीत होते" एवढ्या भांडवलावर कोणी पूर्वजांचे कागद शोधायला निघालं असेल तर त्याने आधी घरीच बसून हा घोळ निस्तरावा. माझ्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थान "राजुर" असं लिहिलंय, तेही पहिल्या उकारात. एका कार्यालयातल्या बाबूंनी दाखल्याकडे नीट न बघताच "राजुऱ्याला जा" म्हणून सांगितलं. राजुऱ्यात एक अख्खा दिवस रेकॉर्ड रूमच्या दारात काढल्यावर तिथल्या कोतवालाने दाखला उलटसुलट करून विचारलं, "भाऊ, हे कॉलरीवालं राजूर तर नाही ना?" कॉलरी म्हणजे कोळशाची खाण. कॉलरीवालंच होतं.

म्हणून पहिला सल्ला: गावाचं नाव विचारण्याआधी साल विचारा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नसेल तर "तेव्हा निजाम होता का", "खाणी सरकारी झाल्या होत्या का" असं विचारा, बरोबर उत्तर मिळतं. या भागात वर्धा आणि पैनगंगा घुग्घुसजवळ वढ्याला मिळतात आणि त्या दोन नद्यांनी तीन राजवटी वेगळ्या केल्या होत्या. वर्धेच्या पूर्वेला चांदा जिल्हा, म्हणजे मध्यप्रांत. घुग्घुस, बल्लारपूर, माजरी त्यात. वर्धेच्या पश्चिमेला आणि पैनगंगेच्या उत्तरेला वणी, राजूर; हा वऱ्हाड. पैनगंगेच्या दक्षिणेला राजुरा, सास्ती, गोवरी. हा निजामाचा आदिलाबाद जिल्हा. बल्लारपूरच्या काठावरून सास्ती समोर दिसते, पण 1948 च्या आधीचे कागद शोधायचे म्हटले की दोन्हींचे दप्तर, भाषा आणि महसुलाची पद्धत सगळंच निराळं. राजुरा तालुका 1956 ला महाराष्ट्राकडे (तेव्हाच्या मुंबई राज्याकडे) आला तो आधी नांदेड जिल्ह्यात, आणि 1959 ला चंद्रपुरात. मधल्या तीन वर्षांतला एखादा कागद नांदेडच्या नावाने निघाला तर घाबरू नका, तुमचं खानदान गोदावरीकाठी गेलेलं नाही.

रेल्वेने येणार असाल तर स्टेशनांची नावं गावांच्या नावाशी जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. गाव बल्लारपूर, स्टेशन बल्हारशाह. गाव भद्रावती, स्टेशन भांदक. चंद्रपूरला दोन स्टेशनं: नागपूर-बल्हारशाह मार्गावरचं चंद्रपूर, आणि गोंदियाकडून येणाऱ्या मार्गावरचं चांदा फोर्ट. ऑटोवाल्याला नुसतं "स्टेशन" म्हणालात तर तो जिथे भाडं जास्त तिथे नेईल. माझ्या बाबतीत नेलंच. जुन्या कागदांत "जि. चांदा" दिसलं की तो आजचा चंद्रपूर अधिक गडचिरोली समजा, कारण गडचिरोली 1982 ला वेगळा झाला.

आता त्या रस्त्याबद्दल. वणी ते घुग्घुस हे अंतर पंचवीसेक किलोमीटरचं आहे आणि नकाशात ते निरुपद्रवी दिसतं. त्यावर विश्वास ठेवू नका. कोळशाचे ट्रक एकामागे एक, ताडपत्री अर्धवट बांधलेली, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पडलेला बारीक कोळसा चाकाखाली दळून दळून पीठ झालेला. पुढच्या ट्रकचा लाल दिवा भर दुपारी दिसत नाही. मी मोटारसायकलवर गेलो होतो; चूल फुंकणाऱ्या माणसासारखं तोंड करून घेण्याची हौस असेल तरच तसं करावं. मास्क कसला लावता, ओला पंचा नाकातोंडावर बांधा, गॉगल लावा. पंचा घुग्घुसला पिळला तर पाणी शाईसारखं निघालं. ट्रक ओव्हरटेक करायला जाऊ नका. समोरून रिकामा ट्रक येतो तो भरलेल्यापेक्षा दुप्पट वेगाने येतो, कारण त्याला पुढच्या फेरीचा नंबर लावायचा असतो. पावसाळ्यात याच धुळीचा चिखल होतो आणि तो डांबरापेक्षा निसरडा असतो. माझा स्पष्ट निकाल: स्वतःची दुचाकी नेऊच नका. एसटीने जा, खिडकी बंद ठेवा, सकाळी निघा. वणीहून राजूरला जाताना "स्पेशल" ऑटो करू नका. मला सातशे सांगितले, पाचशेला ठरलं, आणि परत येताना त्याच ऑटोत सहा माणसांबरोबर बसून तीस रुपये दिले. तोच माणूस, तीच ऑटो. वर हसून म्हणाला, "सकाळी घाई होती तुमाले."

राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत आणि कोळशाचा इतिहासही जुना. माझं काम झालं ते एका निवृत्त हाजरीबाबूंच्या, म्हणजे खाणीत हजेरी मांडणाऱ्या कारकुनाच्या, ओट्यावर. मी आजोबांचं नाव सांगितलं, पणजोबांचं सांगितलं, आडनाव दोन उच्चारांत सांगितलं. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाले, "नाव सांगून का फायदा? टोकन नंबर सांगा." घरी एक पितळी बिल्ला होता, तो मी नशिबाने खिशात आणला होता. वाटोळा, वर भोक, कडेला चेपलेला, आणि मधोमध ठोकलेला आकडा, पैकी एक आकडा घासून गेलेला. त्यांनी तो पालथा करून अंगठ्याने चोळला, उन्हाकडे धरला आणि "हा लॅम्प रूमचा (खाणीत उतरताना दिवा मिळतो तिथला) आहे, हाजरीचा नाही" असं सांगून मला दुसरं काहीतरी शोधायला लावलं. हे बिल्ले, जुने पगारपत्रकाचे कागद, भविष्य निर्वाह निधीची पावती, वैद्यकीय कार्ड, जे काही पेटीत असेल ते फोटो काढून नव्हे तर प्रत्यक्ष न्या. फोटोत मागची बाजू नसते, आणि नंबर नेमका तिथेच असतो.

कोळसा खाणीतल्या माणसाचा सगळ्यात कामाचा कागद म्हणजे बी फॉर्म रजिस्टर. कामावर घेताना त्यात नाव, बापाचं नाव, वय, मूळ गाव, पोस्ट, ठाणं, जिल्हा आणि अंगठा घेत. आमच्या आजोबांच्या ओळीत मूळ गाव सास्ती, जिल्हा आदिलाबाद असं निघालं. म्हणजे घरात सगळे "राजूरचे, राजूरचे" म्हणत होते ते वडिलांपुरतं खरं. त्याआधीची पिढी नदीपलीकडची, निजामाच्या हद्दीतली. आडनावाच्या रकान्यात आडनाव नव्हतंच, "तेलंग" एवढंच लिहिलं होतं. लिहिणाऱ्याला तेवढं पुरेसं वाटलं असणार. जांभळ्या शाईचा अंगठा मात्र पूर्ण उमटलेला, रेघन् रेघ मोजता येईल असा.

इथे एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. कोळसा पट्ट्यात दुसऱ्याच्या नावावर काम करणारी माणसं कमी नव्हती. एकाची नोकरी, दुसऱ्याचं अंग. 1973 ला बिगर-कोकिंग (पोलादासाठी कोक न होणाऱ्या) कोळशाच्या खाणी सरकारी झाल्या आणि नंतर 1975 ला वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी आली, त्या धामधुमीत खाजगी मालकाच्या यादीतलं नाव आणि प्रत्यक्ष खाली उतरणारा माणूस एकच असेल अशी खात्री नाही. म्हणून नाव जुळलं की लगेच पेढे वाटू नका. बापाचं नाव आणि गाव हे दोन्ही जुळले तरच धरा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या नोंदीशी ताडून बघा; बाप नोकरीवर कोणत्याही नावाने असला तरी पोराला शाळेत घालताना बहुतेक खरं नाव सांगितलेलं असतं. हा अंदाज माझा नाही, हाजरीबाबूंचा आहे, आणि आमच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा ठरला.

महसुली कागदांत वऱ्हाड आणि मध्यप्रांत यांत फरक आहे तो ध्यानात ठेवा. घुग्घुस, भद्रावतीच्या बाजूला मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरायचा; ती 1951 ला संपली. तिथे गाव सापडलं की मालगुजाराचं घराणं शोधा, जुने कागद पुष्कळदा तहसिलीत नसून त्यांच्या वाड्यात असतात, आणि चहा पिऊन गप्पा मारल्या की बाहेर येतात. वणी-राजूरला रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, तिथे मालगुजार विचारलात तर लोक तोंडाकडे बघतात. जन्म-मृत्यूसाठी तहसिलीत कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल मागा. अर्जावर गावाचं पूर्ण नाव लिहा, म्हणजे चक, तुकूम, माल, रीठ, मोकासा हे जे शेपूट असेल त्यासकट. नुसतं बरांज लिहिलं तर चालत नाही, बरांज मोकासा लिहावं लागतं. या जिल्ह्यात एकाच नावाची गावं शेपटावरूनच ओळखतात आणि रेकॉर्डवाला तुमच्या वतीने अंदाज करणार नाही, त्याने करूही नये. रीठ असेल तर तिथे वस्ती नाही, फक्त शिवार आहे. राहायला गेलेल्यांचा पत्ता शेजारच्या गावात विचारा.

राजुऱ्याकडचे निजामकाळचे कागद उर्दूत असतात. मोडी वाचणारा नागपूर-पुण्यात मिळतो, पण हे वाचणारा माणूस आधी ठरवून मग तिकडे जा. तहसील कार्यालयाबाहेर एक सद्गृहस्थ "सगळं मिळवून देतो, पंधराशे" म्हणून मागे लागले होते. मी स्वतः अर्ज केला, स्वतः रांगेत उभा राहिलो, पावतीवरची रक्कम शंभराच्या आत होती. वेळ लागतो हे खरं. पण दलालाकडूनही तेवढाच लागतो, कारण तोही त्याच खिडकीत जातो.

खाणीच्या आसपासची नावं नकाशात शोधू नका, माणसांना विचारा. बल्लारपुरात "तीन-चार पिट" (तीन आणि चार नंबरची खाण) म्हणजे काय हे पोरालाही कळतं. चंद्रपुरात डीआरसी म्हणजे दुर्गापूर रय्यतवारी कॉलरी, एचएलसी म्हणजे हिंदुस्थान लालपेठ कॉलरी. जुन्या चिठ्ठीवर "लालपेठ" असेल तर कुठली खाण, कुठलं इन्क्लाइन (खाणीत उतरणारा तिरका बोगदा), कुठली वसाहत हे तिथे पोचल्यावरच सुटतं. आणि उघड्या खाणींत गेलेल्या गावांचं नाव जिथे पुनर्वसन झालं तिथे लागलेलं असतं. नकाशावरच्या ठिपक्यावर गेलात तर समोर मातीचे ढिगारे आणि हातात काठी घेतलेला सुरक्षारक्षक भेटेल. त्याच्याशी हुज्जत घालू नका, आत शिरू नका, फोटो काढू नका. दुपारी ब्लास्टिंग असतं.

चंद्रपूरचा किल्ला, महाकाली, भद्रावतीची विजासन लेणी हे सगळं बघितलं, छान आहे, त्यात सांगण्यासारखी अडचण काही नाही.

कधी जावं? डिसेंबर-जानेवारी. मे महिन्यात चंद्रपूरला जाऊन वंशावळ शोधणाऱ्याच्या वंशाला धोका आहे, पारा पंचेचाळीसच्या वर सहज जातो. पावसाळ्यात वर्धा फुगली की बल्लारपूर-राजुरा रस्ता पुलावर पाणी आलं म्हणून बंद होतो, आणि मग तुमचे कागद एका काठाला, लॉजमधलं सामान दुसऱ्या. राहायला चंद्रपूर किंवा वणी घ्या, घुग्घुसला मुक्काम करू नका; रात्रीची चादर सकाळी झटकावी लागते. तहसिलीची कामं सोमवारी टाळा, सुट्टीनंतरची गर्दी असते. उर्दू वाचणारा मला चंद्रपुरातच मिळाला, निवृत्त शिक्षक, चहा-बिस्किटांखेरीज काही घेतलं नाही. सास्तीचे कागद त्यांच्याकडे दिलेत. पहिलं पान वाचून झालं आणि पणजोबांचं नाव त्यात आहे, पण बापाचं नाव जुळत नाही, त्यामुळे ते अजून आमचे पणजोबा नाहीत.