बेलूर-हळेबीड: मदनिका आणि वादक बघायचे तर ऊन सांभाळा

कर्नाटकात हासनला मुक्काम ठेवला तर दोन्ही गावं एका दिवसात होतात. हासन ते बेलूर साधारण ४० किलोमीटर, तिथून हळेबीड १६. क्रम मात्र बेलूर सकाळी आणि हळेबीड दुपारनंतर असाच ठेवा. उलट गेलात तर दोन्हीकडे ऊन नको त्या बाजूला मिळतं.

बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ चं, पूर्वाभिमुख. बाहेर छज्जाखाली ३८ मदनिका, म्हणजे सुंदर स्त्रियांच्या मूर्ती, आत ४. दार उघडताच पूर्वेकडून सुरुवात करा. मूर्ती छज्जाखाली पुढे झुकत्या बसवल्यात, त्यामुळे सूर्य वर चढला की छज्जाची सावली नेमकी चेहऱ्यांवर आणि हातांवर येते. फोटो काळे येतात ते म्हणून. उत्तरेची बाजू शेवटी. हिवाळ्यात तिथे थेट ऊन येतच नाही. ८ पटीची दुर्बीण जवळ हवी. वादकांची बोटं मोबाइलच्या झूममध्ये कळत नाहीत, आणि बघायची असतात ती बोटंच.

नजर मुख्य बाईवर खिळते, पण तिच्या पायाशी बघा. तिथे छोटे वादक उभे असतात, कुणाकडे टाळ, कुणाकडे मृदंग. मृदंगाच्या ताणलेल्या चामडी पट्ट्यासुद्धा मोजता येतात. ही सगळी दगडाची कृपा: शंखजिऱ्याच्या जातीचा हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. आपल्या वेरूळच्या बेसॉल्टकडून एवढी नाजूक जाळी मागणं अन्याय आहे.

गाईड जकणाचारी या दंतकथेतल्या शिल्पकाराची गोष्ट सांगतात. ऐका खुशाल, पण मूर्तींच्या बैठकीवरची कानडी अक्षरंही दाखवायला सांगा; तिथे बळ्ळिगावीचा दासोज, त्याचा मुलगा चावण अशी नावं आहेत. पैसे आणि वेळ आधी ठरवा. पाऊण तासात उरकणारा गाईड असेल तर मदनिका राहिल्याच म्हणून समजा. बाहेरच्या फेरीलाच दोन तास लागतात.

आत अंधार. चार मदनिका मधल्या चार खांबांच्या माथ्याशी आहेत. बॅटरी समोरून मारली की मूर्ती सपाट दिसते. सोबत्याला बाजूला उभं करून तिरका झोत टाकायला सांगा. दुपारी दर्शन काही वेळ बंद असतं, म्हणून आतलं त्याच्या आत आटपा. चपला बाहेर, फरशी तापते. जाड मोजे न्या.

हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराची सगळ्यात दाट कोरलेली भिंत पश्चिमेची, म्हणून तिथे तीननंतर. नाचणारा गणपती, नाचणारी सरस्वती चुकवू नका. दक्षिण दाराच्या माथ्यावर दोन मकरांच्या मध्ये नटराज आहे.

बहुतेक गाड्या इथूनच परत फिरतात. जवळच जैन बस्ती, म्हणजे जैन मंदिरं आहेत. पार्श्वनाथ बस्तीच्या बाहेरच्या भिंती जवळजवळ कोऱ्या. कारागिरी आतल्या खांबांत. फिरवून घडवलेले, इतके घोटलेले की समोर उभं राहिलं तर स्वतःचा चेहरा दिसतो. उजेड असतानाच जा.